मदत हवी आहे: पाच प्रौढ दिव्यांग मुलांसाठी छोटं घर काढायचंय, नोंदणी नक्की कुठली?

नमस्कार मंडळी,

नाशिकमधली आम्ही पाच कुटुंबं. प्रत्येकाच्या घरी एक बौद्धिक दिव्यांग मूल. मूल म्हणायचं ते सवयीनं, सगळे पंचविशीपुढचे आहेत. आम्ही आईबाप साठी ओलांडलेले. मोठ्या निवासी संस्था पाहून आलो. कुठे प्रतीक्षायादी, कुठे एका हॉलमध्ये ओळीनं खाटा. शेवटी ठरलं की एका मित्राच्या बंगल्याच्या तळमजल्यावर पाचही जणांना ठेवायचं. दिवसा दोन ताई, रात्री एक काका, स्वयंपाकाला मावशी. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडेल अशी बसवून झालीय. कागदांचं मात्र काही ठरेना.

दिव्यांग हक्क अधिनियम २०१६, कलम ५०: नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठी संस्था काढता किंवा चालवता येत नाही. संस्थेच्या व्याख्येत किमान किती जण, याचा आकडाच नाही. मग पाच कुटुंबांनी वर्गणी काढून चालवलेलं घर ही संस्था झाली का? त्याच कायद्याचं कलम ५ सांगतं की दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क आहे. एका कार्यालयात म्हणाले, "आधी संस्था नोंदवा, मग या." दुसरीकडे, "खासगी घर आहे ना, मग आमच्याकडे कशाला?"

त्यात पाचांपैकी एकाला स्किझोफ्रेनियाच्याही गोळ्या चालू आहेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मधून मतिमंदत्व वगळलंय, पण मानसिक आजार असलेल्यांना देखभालीसाठी दाखल करून ठेवतात ते ठिकाण 'मानसिक आरोग्य आस्थापना' ठरतं. विनानोंदणी चालवलं तर पहिल्याच वेळी ५ ते ५० हजार दंड. एकट्यापायी सगळं घर त्या कायद्यात जाणार का? त्याला वगळा असं सुचवणारे भेटले. ते होणार नाही, सगळी धावपळ त्याचीच आई करतेय.

शिवाय १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहेच. आम्ही गोळ्या देणार, फिट आली तर नाकात स्प्रे मारणार. ही शुश्रूषा धरतात का?

गडहिंग्लजकर:
दादा, आमचं सात जणांचं घर आहे. संस्था की घर या वादात पडू नका, नोंदणी करून टाका. शेजाऱ्यानं तक्रार केली की पोलीस आधी तोच कागद मागतात. पहिल्यांदा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवा, मग दिव्यांग विभागाकडे प्रस्ताव. कायद्यात निर्णयासाठी ९० दिवस लिहिलेत. आमचा त्रुटीपत्रांतच बराच काळ गेला, म्हणून प्रत्येक कागदाची पोच घ्या.

आणि मित्राच्या शब्दावर राहू नका. न्यासाच्या नावानं लांब मुदतीचा भाडेपट्टा करा आणि तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या. आमचे मालक वारले, तेरावं झालं आणि वारसांनी जागा मागितली. सात जणांची वर्षानुवर्षं बसलेली घडी, नवीन जागेत दोघांनी जेवण सोडलं होतं. अग्निशमनचंही आत्ताच विचारून घ्या, जिन्याखाली सिलिंडर चालत नाही.

पुणेरी_बाबा:
मी वकील नाही, मुलीसाठी कायदे वाचत गेलो एवढंच. नर्सिंग होमच्या व्याख्येत उपचार आणि शुश्रूषा दोन्ही आहेत. बाहेरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या वेळेवर देणं माझ्या मते त्यात बसत नाही. सलाईन किंवा पूर्णवेळ नर्स आली की प्रश्न बदलेल.

स्किझोफ्रेनियाचं मात्र अंदाजानं ठरवू नका. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला लेखी विचारा. मनोविकारतज्ज्ञ बाहेरचे, घरात उपचार नाहीत, कोंडून ठेवणं नाही, हे स्पष्ट लिहा. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका.

तुम्ही न विचारलेलं एक. मूल १८ चं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. पालक नेमला गेला की ६ महिन्यांत त्यानं मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब. मुलाच्या नावावर फ्लॅट, ठेव असेल तर हे आधी करा. त्याच राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, १ लाखापर्यंत. काढली नसेल तर काढा.

धागाकर्ता:
ताई, बाबा, आभार. भाडेपट्ट्याचं मित्राशी आजच बोललो. तो हो म्हणाला, वहिनी गप्प होत्या, त्यामुळे त्यांच्याशी वेगळं बोलावं लागेल.

पालकत्वाचं आमच्यापैकी एकाच कुटुंबानं केलंय. कायद्यात नोंदणीकृत संस्थेलाही अर्ज करता येतो असं दिसतं. बहीणभाऊ परदेशी किंवा अनुत्सुक असतील तर पालक म्हणून संस्था नेमून घेतलीय का कुणी? समितीनं काय विचारलं, आणि त्याच संस्थेच्या घरात मूल राहत असेल तर हरकत घेतली का?