रेघा नाही, मधली जागा मोजायची

दुसरीतली मुलगी पेन्सिल पट्टीच्या १ वर ठेवते आणि दर वेळी एक सेंमी जास्त सांगते, 'शून्यापासून धर' हे किती वेळा सांगायचं, असं एका शिकवणाऱ्याने विचारलंय. नुसतं सांगून ते जाणार नाही. आयुष्यभर तिने एक, दोन, तीन असंच मोजलंय. चिंचोके शून्यापासून कोण मोजतं?

मी आधी पट्टी देतच नाही. पुठ्ठ्याचे १ सेंमीचे चौकोन कापून देते. पेन्सिलीच्या कडेने, मध्ये फट न ठेवता ते मांडायचे. फट राहिली की शेजारचं मूलच ओरडतं, "बाई, हिचं कमी आलं!" मग तेच चौकोन, एक लाल एक पिवळा, कागदाच्या लांब पट्टीवर चिकटवायचे. आकडे सगळ्यात शेवटी, प्रत्येक चौकोन संपतो तिथल्या रेघेवर. सुरुवातीच्या कडेला काय लिहायचं, हे मुलांनाच विचारा. "अजून एकपण नाही झाला, म्हणजे शून्य," हे त्यांच्याकडूनच येतं.

त्यानंतर ३ पासून सुरू होणारी तुटकी पट्टी द्या. पेन्सिल ३ ते १० भरली, तर किती? १० म्हणणारं मूल शेवटचा आकडा वाचतंय, ८ म्हणणारं रेघा मोजतंय. ७ आलं की समजलं.

आणि कंपासपेटीतल्या पट्ट्या एकदा नीट बघा. बऱ्याच पट्ट्यांवर शून्य अगदी कडेला नसतं, थोडं आत असतं. मुलं कडेपासूनच धरतात. शिंप्याच्या टेपला ही अडचण नसते, म्हणून पहिल्या आठवड्यात मी तीच वापरते.