कांद्याचं धोरण नक्की ठरवतं कोण?

अभ्यासू_पुणेकर:
एमपीएससीची तयारी चालू आहे. पुस्तकात लिहिलंय धोरण म्हणजे दबावगट, विचारसरणी आणि निवडणुका. म्हटलं उदाहरण कांद्याचं घेऊ, तर डोकंच गरगरलं. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (म्हणजे त्याहून स्वस्त बाहेर विकायचा नाही), ८ डिसेंबरपासून थेट बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरात ते २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. यात विचारसरणी कुठली शोधायची? आणि व्यापाऱ्यांची लॉबी एवढी तगडी असेल तर बंदी येतेच कशी?

निफाडचा_नाना:
भाऊ ह्याच तारखांच्या शेजारी मतदानाच्या तारखा लिही, अर्धा पेपर सुटला. बंदी ४ मे ला उठली, आमच्या नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मे ला. सप्टेंबरची सूट, विधानसभा २० नोव्हेंबरला. आणि डिसेंबरची बंदी कधी आली बघ, मध्य प्रदेश-राजस्थानचे निकाल ३ तारखेला लागले त्याच आठवड्यात.
त्या दिवशी मी ट्रॅक्टर घेऊन मार्केटला, लिलावच निघाला नाही, संध्याकाळी भरलेली ट्रॉली तशीच घरी. नंतर लिलाव सुरू झाले तेव्हा एकाने ट्रॉलीवरून चार कांदे उचलले, अंगठ्याने दाबून बघितले आणि मागच्या आठवड्याच्या निम्मा भाव बोलला. देऊन टाकला, करता काय, लाल कांदा होता, तो चाळीत, म्हणजे आमच्या साठवणीच्या शेडमध्ये, टिकत नाही. उन्हाळ, म्हणजे उन्हाळी टिकाऊ कांदा असता तर हललो नसतो.

डोंबिवलीची_काकू:
नानांचं दुःख कळतं हो, पण बंदीच्या आधीच्या दिवाळीत मी ७० रुपये किलोने कांदा घेतलाय ते कोणी लिहीत नाही. आमची ना संघटना ना मोर्चा. पण १९९८ ला दिल्लीत सुषमा स्वराज यांचं सरकार गेलं त्यात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा होता, ती भीती अजून सगळ्या पक्षांच्या पोटात आहे, हीच काय ती आमची लॉबी.

कंटेनरवाला:
मी निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो. लॉबी बंदी थांबवू शकत नाही, ती बंदीला भोक पाडते. एप्रिल २०२४ मध्ये बंदी असताना गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. माल तसा किरकोळ, पण नाशकात बोंब उठली, लगेच दोन दिवसांत सरकारने सांगितलं की सहा देशांना ९९,१५० टन द्यायला परवानगी आहे. मोठ्या व्यापाऱ्याला भाव चढला काय नि पडला काय, मधलं मार्जिन सुटतंच, त्याला फक्त आदेश कधी निघणार ते आधी कळायला हवं. मेला खरा तो छोटा निर्यातदार. आमचं एक दुबईचं गिऱ्हाईक तेव्हा पाकिस्तानी मालाकडे गेलं ते अजून परत आलेलं नाही.

जुना_बिल्लेवाला:
विचारसरणी शोधतोयस ना, मग २०२० बघ. जूनमध्ये अध्यादेश काढून कांद्यावरचं साठ्याचं बंधन सैल केलं, म्हणे शेतकऱ्याला बाजार मोकळा. १४ सप्टेंबरला त्याचंच विधेयक लोकसभेत मांडलं आणि त्याच दिवशी निर्यातबंदीचा आदेश!! पुढे बिहारची निवडणूक होती. आणि बाकीच्यांनी फार हसू नये, काँग्रेसच्या काळातही हेच व्हायचं. आमच्या शेतकरी संघटनेचे शरद जोशी चाकणला कांद्यासाठी रस्त्यावर बसले तेव्हापासून ओरडतोय, भाव चढला की सरकार धावत येतं, पडला की नाफेडच्या, म्हणजे सरकारसाठी माल घेणाऱ्या सहकारी संस्थेच्या, खरेदीकडे बघत बसा.

अभ्यासू_पुणेकर:
म्हणजे उत्तर निवडणूकच ना? २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय मंत्री भारती पवार पडल्याच की.

निफाडचा_नाना:
थांब, इतकं सरळ नाही. पाच महिन्यांनी विधानसभेला त्याच नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४ जागा महायुतीला. शेतकरी तेच, चाळी त्याच. मधे लाडकी बहीण आली होती. मी घरी निर्यातशुल्काचं भाषण सुरू केलं तर बायको म्हणाली ते राहू द्या, माझे दीड हजार जमा झालेत, आधी चाळीतला सडका निवडून काढा, वास सुटलाय.