ऑक्टोपॅडवरून लाइट मारायचेत, पण नीट पेटतच नाहीत

ऑक्टोपॅडवाला:
आमचा छोटा ऑर्केस्ट्रा आहे, गणपतीत प्रोग्राम असतात. वेगळा लाइटवाला परवडत नाही म्हणून माझा ऑक्टोपॅड एसपीडी-३० यूएसबीने लॅपटॉपला लावलाय, क्यूएलसी प्लस हे लाइट चालवायचं सॉफ्टवेअर टाकलंय, पुढे डीएमएक्स डोंगल (लॅपटॉपमधून लाइटला सिग्नल देणारा डबा) आणि ४ एलईडी पार (स्टेजचे रंगीत लाइट). मिडी (वाद्याचे ठोके लॅपटॉपला कळवणारा सिग्नल) चॅनल १० केल्यावर सिग्नल येतोय, सॉफ्टवेअरमधलं बटण फ्लॅश मोडवर (दाबलं तेवढाच वेळ लाइट) आहे, पण किक (बास ड्रमचा पॅड) मारली की लाइट नुसता लुकलुकतो, मागच्या रांगेत कळतही नसेल. आणि मधूनच भलताच लाइट पेटतो. काय करू?

ठेका३६:
पॅड काय कीबोर्डच्या पट्टीसारखा दाबून धरता येत नाही, त्यामुळे नोट ऑन (ठोका सुरू) गेला की मशीनच लगेच नोट ऑफ (ठोका संपला) पाठवतं आणि फ्लॅश बटण तेवढाच वेळ लाइट धरतं. मिडी सेटिंगमध्ये गेट टाइम, म्हणजे नोट किती वेळ चालू धरायची ते बघ, पाव सेकंदाच्या आसपास ने. फार वाढवलास तर फास्ट ठेक्यात लाइट विझणारच नाही. जोरात मारलं की जास्त उजेड असं हवं असेल तर बटणाऐवजी स्लायडरला नोट दे, व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, ० ते १२७ येते, डीएमएक्सचं, म्हणजे लाइटच्या सिग्नलचं, ० ते २५५ सॉफ्टवेअर आपोआप जुळवतं.

केबलकाका:
भलता लाइट कधी पेटतो ते आधी बघा. वाजवताना पेटत असेल तर शेजारच्या पॅडला धक्का जातोय, म्हणजे क्रॉसटॉक, त्या पॅडचा थ्रेशोल्ड (किती जोराचा ठोका धरायचा ती मर्यादा) वाढवा. कोणी हात लावला नसताना पेटत असेल तर केबल. माइकची केबल लावली आहे ना? सगळेच लावतात 😄 ती जवळच्या अंतरात चालून जाते, लांब गेलं की नखरे. डीएमएक्सची केबल घ्या आणि शेवटच्या पारला टर्मिनेटर लावा, १२० ओहमचा रेझिस्टर, एक्सएलआर (केबलच्या टोकाचा जोड) च्या पिन २ आणि ३ मध्ये.

ऑक्टोपॅडवाला:
माइकचीच आहे काका 🙈 पण पेटतो वाजवतानाच, बहुतेक टॉमच्या पॅडवर. आधी थ्रेशोल्ड बघतो, गेट टाइम पण. बाकी स्नेअर, हायहॅट सगळ्यालाच लाइट देऊ का?

ठेका३६:
अजिबात नको. हायहॅटला दिलास तर स्ट्रोब होतो, म्हणजे लाइट सारखा झपझप उघडझाप करतो, पुढे बसलेल्यांचे डोळे दिपतात, काहींना तर त्याने फिट पण येऊ शकते. किक आणि क्रॅश (मोठी झांज) पुरे. एखादा साधा रंग एका पारवर कायम पेटता ठेव, नाहीतर दोन ठोक्यांच्या मधे गायिका अंधारात उभी. आणि ब्लॅकआउटचं (सगळे लाइट एकदम बंद) बटण लॅपटॉपच्या एखाद्या कीला दे.