पॅडवरचे कॉर्ड मध्येच का तुटतात

वाशीहून आलेला प्रश्न: ब्रिटिश ड्रमर बिल ब्रुफर्डच्या ‘अर्थवर्क्स’ या जॅझ बँडसारखे ड्रमपॅडवर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवायचे आहेत, पण आवाज उमटतो न उमटतो तोच तुटतो. पॅड बिघडलेला नाही. कीबोर्डवर बोट दाबून ठेवता येतं. काठी टेकून लगेच उडते, म्हणून मोड्यूल, म्हणजे पॅड जिला जोडतात ती पेटी, ठरावीक वेळाने स्वतःच ‘नोट ऑफ’, म्हणजे सूर थांबवायचा संदेश, पाठवतं. हा गेट टाइम. तो दोन सेकंदांवर न्या, नाहीतर सिंथेसायझरमधला रिलीज, म्हणजे सूर सुटल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ, लांबवा.

१९८६ साली सुरू झालेल्या त्या बँडमध्ये सिमन्स कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवरून ड्रमरच कॉर्ड द्यायचा, हीच त्यातली मोठी गंमत. पण एका पॅडवर चार-पाच सूर कोंबू नका. मूळ सूर बेसवाल्याकडे सोडा आणि पॅडवर त्यापासून मोजलेला तिसरा, सातवा, नववा एवढेच ठेवा. सॅक्सोफोनला जागा मिळते.

एक पॅड मारल्यावर शेजारचाही वाजतो, तो स्टँडमधून पोचलेल्या हादऱ्यामुळे. आधी पॅड टॉमच्या स्टँडवरून काढून वेगळ्या स्टँडवर लावा, मग मोड्यूलमधलं ‘क्रॉसटॉक’ सेटिंग (शेजारच्या पॅडचा खोटा आवाज दाबणारं) वाढवा. थ्रेशोल्डला (किती जोराच्या फटक्यापासून पॅड वाजायचा ती मर्यादा) हात सगळ्यात शेवटी, कारण तो चढवला की हलके घोस्ट स्ट्रोक आधी मरतात.

लॅपटॉपवरून आवाज घेत असाल तर ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवायचे नमुने) १२८ ठेवा; त्याचा उशीर जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद. ५१२ वर दहाच्या पुढे जातं आणि हात मागे पडल्यासारखा वाटतो.

आणि खाडीकाठची दमट हवा! पावसाळ्यात केबलच्या पिना काळवंडतात, पॅड अधूनमधून मुका होतो. मोड्यूल उघडण्याआधी पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून बघा.