कानांनी शिकलेले स्काउटिंग : नव्या स्वयंसेवकांना तुम्ही काय ऐकवले, स्वतः काय ऐकलेत?

निवृत्त गाईड कॅप्टन (मुलींच्या पथकाची प्रमुख), राजेंद्रनगर, इंदूर

गेल्या रविवारी दुपारी देवासहून एका नव्या स्काउटमास्तरांचा फोन आला. त्यांचा बेसिक कोर्स अजून व्हायचा आहे, पथक मात्र हाती आले आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर बत्तीस मुले उभी राहणार होती. "ताई, शिट्टीचे इशारे पुस्तकात आहेत, पण तोकडी म्हणजे किती तोकडी आणि लांब म्हणजे किती लांब, हे वाचून कळत नाही," असे ते म्हणाले. मी दाराआडच्या खुंटीवरची शिट्टी काढली, गॅलरीत गेले आणि फोनवरच एकेक इशारा वाजवला. एक लांब शिट्टी म्हणजे शांत व्हा, पुढचा इशारा ऐका. लांब शिट्ट्यांची संथ ओळ म्हणजे पांगा, पुढे जा. तोकड्या शिट्ट्या भराभर वाजल्या की जवळ या. तोकडी आणि लांब आलटून पालटून वाजली की धोका आहे, सावध राहा. तीन तोकड्या आणि एक लांब वाजली तर फक्त टोळीनायकांनी, म्हणजे पथकातल्या लहान गटांच्या प्रमुख मुलांनी, यायचे. ते पलीकडून वाजवून दाखवू लागले, तेव्हा त्यांच्या तोकड्या शिट्ट्या एकमेकींत मिसळत होत्या. मी म्हटले, "श्वास तोडू नका, जिभेचे टोक शिट्टीच्या तोंडाला टेकवून 'टुक्, टुक्' म्हणा." तिसऱ्या खेपेला ते जमले.

फोन ठेवला आणि १९८६ साल आठवले. मी नवी होते, पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात माझा नंबर लागायला दोन वर्षे गेली, आणि त्या दोन वर्षांत माझे शिक्षण झाले ते एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर. आमच्या प्रशिक्षक बाईंनी ती आपल्या घरी बसून भरली होती, आणि दुसऱ्या बाजूला मध्येच त्यांच्या कुकरची शिट्टीही ऐकू येते. कॅसेट रामबागेतून लोकमान्यनगरात, तिथून महूला अशी हातोहात फिरत असे आणि जिच्याकडे जाईल तिने डबीतल्या कागदावर तारीख घालायची असा नेम होता. तीत एके ठिकाणी एक मुलगी प्रतिज्ञा म्हणताना मध्येच विसरते. बाई तिला पुढचा शब्द सांगत नाहीत, थांबतात. पुढे एकदा मी घड्याळ लावून मोजले, तर ते थांबणे अकरा सेकंदांचे निघाले, आणि त्यानंतर मुलीने प्रतिज्ञा स्वतःहून पूर्ण केली. 'मुलांना वेळ द्यावा' हे वाक्य मी अनेक ठिकाणी वाचले होते, पण वेळ म्हणजे किती, हे मला त्या अकरा सेकंदांनी शिकवले.

आज आपल्यापैकी अनेकजण नव्या मंडळींना ध्वनिमुद्रणे पाठवतात. कोणते उपयोगी पडले, कोणते वाया गेले, हे कृपया मोकळेपणाने लिहावे.

कबमास्टर, लोकमान्यनगर

मी बँकेत नोकरी करतो, त्यामुळे माझा अभ्यास राजवाडा ते विजयनगर या सिटी बसमध्ये झाला. कबच्या, म्हणजे स्काउटिंगमधल्या लहान मुलांच्या शाखेच्या, पुस्तकात ग्रँड हाऊल या सामूहिक आरोळीचे शब्द छापलेले असतात, परंतु ती आरोळी कोणत्या स्वरात उठते, अकेलाने, म्हणजे कबमास्टरने, कुठे थांबायचे आणि मुलांनी कुठे उचलायचे, हे कानावर पडल्याशिवाय कळत नाही. एका ज्येष्ठ कबमास्टरांनी मला ती आपल्या आवाजात पाठवली होती. जंगलातल्या गोष्टीही त्यांनीच सांगून पाठवल्या. त्या ऐकताना माझ्या लक्षात आले की वाघाचा प्रसंग आला की ते आवाज चढवत नाहीत, उलट इतका खाली आणतात की ऐकणाऱ्याला पुढे झुकावे लागते. पहिल्या बैठकीत मी तेच केले आणि चोवीस मुलांचे वर्तुळ आपोआप लहान झाले.

गाईड कॅप्टन, ग्वाल्हेर

ताई, ती कॅसेट अजून वाजते का? वाजत असेल तर ती आम्हा सर्वांना जशीच्या तशी मिळावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

धागाकर्त्या, राजेंद्रनगर

वाजते. भाच्याने ती मोबाइलवर उतरवूनही दिली आहे. तरीही मी ती जशीच्या तशी पाठवणार नाही, आणि त्याचे कारण मला सविस्तर सांगितले पाहिजे.

पहिल्या बाजूच्या शेवटी सर्पदंशावरचा भाग आहे. त्यात जखमेच्या वर दोरी करकचून आवळावी, ब्लेडने चीर द्यावी आणि रक्त वाहू द्यावे, असे बाई अतिशय आत्मविश्वासाने सांगतात. त्या काळी सर्वत्र तेच शिकवले जात होते आणि मीही ते शेकडो मुलींना शिकवले. आज ते चूक ठरले आहे. चीर द्यायची नाही, विष तोंडाने ओढायचे नाही, घट्ट बांधायचे नाही. माणसाला चालू न देता स्थिर ठेवायचे, हाताला दंश असेल तर अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून घ्यायचे, तो अवयव फळीच्या आधाराने न हलेल असा ठेवायचा आणि १०८ला फोन करून लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचे. बाईंचा आवाज मला फार प्रिय आहे, आणि म्हणूनच त्या आवाजात चुकीची गोष्ट कोणाच्या कानात शिरावी हे मला सहन होणार नाही. ओळखीच्या माणसाच्या आवाजात ऐकलेले मनात खोल रुजते, आणि ध्वनिमुद्रणाचे सामर्थ्य व धोका हे दोन्ही त्यातच आहे. तो भाग वगळून बाकीची कॅसेट मी या आठवड्यात देते.

परिचारिका आणि गाईड पथकाची सहायक, सुदामानगर

ताईंनी हे लिहिले ते फार बरे केले. प्रथमोपचाराच्या प्रत्येक ध्वनिफितीच्या पहिल्याच वाक्यात महिना आणि वर्ष सांगितलेच पाहिजे, असा आमच्या पथकात नियम आहे, आणि दोन वर्षांहून जुनी फीत तपासल्याशिवाय आम्ही पुढे पाठवत नाही.

हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देण्याची गती शिकवण्यासाठी मी फक्त एक ठेका भरला आहे, मिनिटाला ११०. प्रौढ माणसासाठी ही गती १०० ते १२० असावी लागते, आणि तीस दाबांनंतर दोन श्वास असा क्रम असतो. 'जलद दाबा' असे म्हटले की नवे लोक १४०पर्यंत पळतात; ठेका कानात बसला की पळत नाहीत. दाब किती खोल द्यायचा, कोपर कसे सरळ ठेवायचे, हे मात्र सरावाच्या पुतळ्यावर हात टेकवूनच शिकावे लागते. ठेका ऐकला म्हणजे प्रशिक्षण झाले, असे कृपया कोणीही समजू नये.

रोव्हर लीडर (तरुण स्काउटांच्या शाखेचा प्रमुख), वडोदरा

माझी दृष्टी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पूर्णपणे गेली. त्याआधी मी स्काउट होतो आणि पुन्हा या कामात येऊ शकेन असे मला वाटले नव्हते. मी आलो तो ध्वनिमुद्रणांमुळे आलो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दोरीच्या गाठी ऐकून शिकता येत नाहीत, असे सर्वजण मानतात. सांगणारा 'हे टोक असे घ्या आणि असे फिरवा' म्हणत असेल तर खरोखरच येत नाहीत, कारण 'असे' हा शब्द डोळ्यांसाठी असतो. माझ्या मित्राने रीफ नॉट मला पुढीलप्रमाणे सांगितली. दोन्ही हातांत दोरीचे एकेक टोक धरा. उजव्या हातातले टोक डाव्या टोकावर ठेवा, खालून घालून वर काढा. आता ते टोक डावीकडे आले आहे. तेच टोक आता उजवीकडच्या टोकावर ठेवा, पुन्हा खालून घालून वर काढा आणि दोन्ही बाजूंनी ओढा. गाठ बोटांना चपटी लागली पाहिजे आणि प्रत्येक बाजूचे सुटे टोक आपल्याच दोरीच्या शेजारी, तिला समांतर पडले पाहिजे. गाठ गोळा लागत असेल आणि टोके आडवी निघत असतील, तर दोन्ही वेळा एकाच बाजूने घातले गेले आहे, आणि ती गाठ ताण आला की सरकेल.

प्रत्येक वाक्यानंतर त्याने दहा सेकंद मोकळी सोडली होती, कारण हातांना वेळ लागतो. माझ्याकडून ही फीत डोळस मास्तरांनी नेली आणि तेही तिच्यावरून शिकले. एकाने तर मला सांगितले की चित्रावरून तीन वेळा चुकल्यानंतर त्याने डोळे मिटून ऐकत बांधली, तेव्हा ती जमली.

सहायक स्काउटमास्टर, तिलकनगर

माझ्या कानांना कमी ऐकू येते. आपण भराल त्या प्रत्येक फितीबरोबर तिचा मजकूर लिहूनही पाठवावा, एवढीच विनंती. गेल्या वर्षी आमच्या गटात आलेल्या एकाही फितीला मजकूर नव्हता आणि मला प्रत्येक वेळी मुलाकडून ऐकून घ्यावे लागले.

धागाकर्त्या, राजेंद्रनगर

दादा, ही उणीव आमच्या लक्षातच आली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. कॅसेटचा मजकूर मी स्वतः लिहून काढते आणि तो आधी तुम्हाला पाठवते.

माजी आकाशवाणी कर्मचारी, आता खुल्या पथकाचा मार्गदर्शक, इंदूर

तांत्रिक बाजू कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. भाषणाच्या मुद्रणासाठी ३२ केबीपीएस (सेकंदाला ३२ किलोबिट) आणि एकच वाहिनी (मोनो) पुरते. पाच मिनिटांची फीत सुमारे १.२ एमबी होते आणि कमकुवत नेटवर्कवरही उतरते. पंखा बंद करावा, फोन तोंडापासून एक वीत दूर धरावा, आणि खोलीत आवाज घुमत असेल तर समोर खुर्चीवर गोधडी पसरावी. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्यासमोर बसले तरी चालते.

आमची पहिली फीत पंचेचाळीस मिनिटांची होती. तीत स्काउटिंगचा १९०७च्या ब्राउनसी बेटावरच्या शिबिरापासूनचा इतिहास, नऊ नियम, टोळी पद्धती आणि मान सभा (टोळीनायकांची बैठक) असे सर्व काही होते. मी ती तीन रविवार खपून केली होती. महिन्याभराने अकरा नव्या शिक्षकांना विचारले तेव्हा एकानेही ती शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती. त्यानंतर मी विषय बदलले नाहीत, प्रश्न बदलले. 'टोळी पद्धतीचे महत्त्व' या फितीचे झाले 'टोळीनायक ऐकत नसेल तर काय करावे', लांबी साडेतीन मिनिटे. तिच्यात टोळी पद्धतीबद्दल पूर्वीपेक्षा अधिक आले आहे, आणि ती भांडी घासताना ऐकली असे मला दोघींनी आपणहून सांगितले.

मालवा हाऊसच्या, म्हणजे इंदूर आकाशवाणीच्या, 'ग्रामसभा' कार्यक्रमातले नंदाजी आणि भेराजी ज्यांनी ऐकले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. शेतकऱ्याला खताची माहिती देताना ते व्याख्यान देत नसत. एकजण अडलेला असे आणि दुसरा मालवीत त्याच्याशी बोलत असे. मी नव्या मास्तरालाच शेजारी बसवतो आणि त्याच्या खऱ्या शंका त्याच्याच तोंडून मुद्रित करतो. ऐकणाऱ्याला आपला प्रश्न कोणीतरी विचारला असे वाटते आणि तो पुढे ऐकत राहतो.

शिक्षिका आणि फ्लॉक लीडर (बुलबुल या लहान मुलींच्या शाखेची प्रमुख), खरगोन

वरील मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. आमच्याकडे आज्ञा हिंदीत, पुस्तक हिंदीत, माझे घर मराठी आणि मुलींचे घर निमाडी. पुस्तकी हिंदीतल्या फिती आमच्या सहायक ताई आदराने ऐकत आणि विसरत. बुलबुलांना सांगतात ती ताराची गोष्ट मी गावातल्या एका आजीकडून निमाडीत सांगून घेतली, तेव्हा त्याच ताईंनी ती दुसऱ्या दिवशी बुलबुलांना जशीच्या तशी सांगितली.

गाईड कॅप्टन, ग्वाल्हेर

एक काळजीची गोष्ट मांडते. मुद्रणात मुलांचे आवाज येतात तेव्हा पालकांची लेखी संमती घ्यावी आणि नावे काढून टाकावीत. एका शाळेत एका मुलीचे रडणे 'अशी समजूत काढावी' म्हणून शंभर लोकांच्या गटात फिरले. हेतू चांगला होता, परंतु ती मुलगी पुन्हा पथकात आली नाही.

धागाकर्त्या, राजेंद्रनगर

हे वाचून मी आज दुपारी कॅसेटमधली ती अकरा सेकंदांची जागा पुन्हा ऐकली. बाई त्या मुलीला नावाने हाक मारतात. ती आता पन्नाशीची असेल. ती मला शोधता येते का ते मी पाहते, आणि तिने होकार दिला तरच तो भाग सर्वांना देईन.

रोव्हर, विजयनगर

मी दहावीत असताना 'जांबोरी ऑन द एअर'मध्ये एका हौशी रेडिओचालकांच्या घरी गेलो होतो. हा उपक्रम १९५८ साली सुरू झाला, आणि आता दर ऑक्टोबरमध्ये जगभरचे स्काउट रेडिओवरून एकमेकांशी बोलतात. खरखरीतून एका अनोळखी मुलाने आपल्या टोळीचे नाव सांगितले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. नव्या मास्तरांना एकदा तरी तिथे घेऊन जावे, असे सुचवतो.

स्काउटमास्टर, देवास

ताई, ज्याचा फोन आला होता तो मीच. सोमवारी सकाळी एक लांब शिट्टी वाजवली आणि बत्तीसपैकी जवळजवळ तीस मुले खरोखरच थांबली. तीन तोकड्या आणि एक लांब वाजवली तेव्हा मात्र सगळेच धावत आले, कारण टोळीनायक कोण, हे अजून ठरलेलेच नव्हते. त्यामुळे माझी पुढची शंका अशी आहे की टोळीनायक मी नेमावेत, की मुलांना निवडू द्यावेत? कोणाची साडेतीन मिनिटांची फीत असेल तर कृपया आज रात्रीपर्यंत पाठवावी, उद्या सकाळी सात वाजता पुन्हा मैदान आहे.

धागाकर्त्या, राजेंद्रनगर

मास्तर, रात्री आठ वाजता फोन करा. तुम्ही विचारा, मी सांगते. आपण तेच मुद्रित करू आणि मजकुरासह इथे ठेवू.