मदत हवी आहे: दहनभट्टीचा गॅस बर्नर सारखा लॉकआउट होतोय, आणि परवा ‘धप्प’ झालं

कुर्ल्याचा_बाळ्या

नमस्कार मंडळी. इथे गिझर, शेगडी, सोसायटीची पाण्याची मोटर यांवर भरपूर धागे आहेत. माझी शेगडी जरा मोठी आहे, सांभाळून घ्या.

मी मुंबईत एका ट्रस्टच्या प्राणी दवाखान्यात मेंटेनन्स बघतो. मेलेल्या कुत्र्यामांजरांसाठी आमच्याकडे दोन चेंबरची छोटी दहनभट्टी आहे. खालच्या चेंबरला एक बर्नर, धूर जाळायच्या वरच्या चेंबरला दुसरा. पाच-सहा वर्षं सगळं एलपीजीवर, सिलिंडरच्या बँकवर चाललं. मार्चमध्ये पीएनजीची लाइन आली. ठेकेदार म्हणाला, बर्नर तेच राहतील, फक्त रेग्युलेटर बदलतो. दोन दिवसांत काम उरकून गेला.

तेव्हापासून वरचा बर्नर त्रास देतोय. पेटतो, मोठ्या ज्योतीवर गेला की दोन-तीन सेकंदांत विझतो आणि लाल दिवा. आमचे ऑपरेटर मामा रीसेट दाबतात. पहिल्यांदा दिवसातून एकदा, आता शिफ्टमध्ये सहा-सात वेळा. परवा मामांनी लागोपाठ तिसऱ्यांदा रीसेट दाबल्यावर आतून धप्प असा आवाज आला, चार्जिंगचा (प्राणी आत ठेवायचा) दरवाजा कडीसकट हलला आणि फटीतून राख बाहेर उडाली. मामा बाजूला उभे होते म्हणून वाचले. ते हसत होते, माझे हात थरथरत होते.

आणखी एक गोष्ट, शिव्या बसणार हे माहीत आहे तरी सांगतो. जुलैच्या पावसात ब्लोअरचा एअर प्रेशर स्विच (हवा येत नसेल तर बर्नर बंद पाडणारा) सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून ठेकेदाराच्या पोराने तिथे वायरचा तुकडा लावून तो बायपास केला. तो तुकडा अजून तिथेच आहे.

ठेकेदार फोन उचलत नाही. ट्रस्टी म्हणतात, “चालतंय ना, मग चालू दे, दिवाळीनंतर बघू.” माझा मावसभाऊ इलेक्ट्रिशियन आहे, तो म्हणतो फ्लेम सेन्सर बदल, नागदेवीच्या बाजारात मिळून जाईल. बदलू का? की आणखी काही बघू?

चहाबाज

हात थरथरले ते बरं झालं. एक तरी माणूस शुद्धीवर आहे तिथे.

निवृत्त_बॉयलरवाला

बाळ्या, आधी भट्टीचा मेन गॅस कॉक बंद कर, हँडल काढून स्वतःच्या खिशात ठेव, पॅनेलला कुलूप लाव. मग पुढचं वाच.

लॉकआउट म्हणजे बिघाड नव्हे रे. बर्नर सांगतोय की मला ज्योत दिसत नाहीये, म्हणून मी गॅस बंद केला. रीसेट एकदा दाबावा, फार तर दोनदा, आणि मग माणूस बोलवावा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात गॅस काही सेकंद आत सुटतो, तो कुठे जातो याचा विचार मामांनी केलेला नाही.

आता मला सांग: वरच्या चेंबरचं घनफळ किती, बर्नर किती किलोवॅटचा, पेटण्यापूर्वी ब्लोअर किती सेकंद नुसता फिरतो, आणि बर्नरजवळच्या गेजवर पूर्वी किती प्रेशर असायचं, आता किती आहे. फोटो नकोत, आकडे हवेत.

कुर्ल्याचा_बाळ्या

काका, कॉक बंद केलाय. हँडल खिशात आहे, बायको विचारतेय हे काय.

वरचं चेंबर आतून साधारण दीड घनमीटर. बर्नर १५० किलोवॅट. ब्लोअर ३० सेकंद फिरतो, मग ठिणगी. प्लेटवर हवा ताशी २०० घनमीटर लिहिली आहे. जुन्या लॉगबुकात एलपीजीवर असताना १५ मिलिबार लिहिलंय. आता गेज ४० दाखवतं.

ज्योत_निळी

बाळ्या, मी औद्योगिक बर्नर कमिशनिंगमध्ये बारा वर्षं काम केलंय. तुमचा ४० चा आकडा वाचून मी हातातला चहा खाली ठेवला.

एलपीजी जड आणि दाट उष्णतेची, पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, हलका आणि घनमीटरमागे साधारण तिप्पट कमी उष्णतेचा. त्याच भोकातून, त्याच प्रेशरवर एलपीजीऐवजी पीएनजी सोडला तर हलका असल्यामुळे तो जरा जास्त वाहतो, तरी उष्णता पूर्वीच्या साधारण ६० टक्केच मिळते. म्हणून गॅस बदलला की नोझल किंवा आख्खं बर्नर हेड बदलायचं असतं, पीएनजीची भोकं मोठी. तुमच्या ठेकेदाराने ते केलंच नाही. ताप कमी पडतोय म्हटल्यावर त्याने प्रेशर वर चढवलं. उष्णता परत शंभर टक्के आणायला प्रेशर साधारण पावणेतीनपट लागतं. १५ चे पावणेतीनपट काढून बघा.

कुर्ल्याचा_बाळ्या

ताई, ४१ आले. अंगावर काटा आला.

ज्योत_निळी

हो ना. आता लहान भोकांतून गॅस पिचकारीसारखा सुटतोय. छोट्या ज्योतीवर कसंबसं धरतो, मोठ्या ज्योतीवर गेला की ज्योत बर्नरच्या तोंडापासून सुटून पुढे सरकते. फ्लेम रॉड, म्हणजे ज्योत ओळखणारा तो सेन्सर, मात्र एलपीजीच्या जागीच बसलेला. ज्योत त्याला शिवतच नाही, मग करंट पडतो आणि लॉकआउट. तुमचा भाऊ रॉड बदलेल, नवा रॉडही तेच सांगेल. सेन्सर बिचारा खरं बोलतोय.

कारखानदार_कलानगर

एवढा बाऊ कशाला? वरचं चेंबर हजार डिग्रीला लाल झालेलं असतं. गॅस आत गेला की आपोआप पेटतो. आमच्या फाउंड्रीत वर्षानुवर्षं असंच चालतं. कुर्ल्याला सीएसटी रोडला सेकंडहँड बर्नर मिळतात, अर्ध्या किमतीत, पीएनजीचाच उचलून आणा.

निवृत्त_बॉयलरवाला

कलानगरकर, तुमच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे, आणि अर्ध्या तथ्यानेच माणसं जातात. औद्योगिक भट्ट्यांच्या सुरक्षेचं अमेरिकी मानक आहे एनएफपीए ८६. त्यात ७६० अंश सेल्सिअसच्या वर भट्टी असेल तर ज्योतीच्या देखरेखीला काही सूट आहे, कारण तिथे गॅस साठूच शकत नाही. पण बाळ्याची भट्टी सकाळी थंड असते. वर चढताना, ३०० अंशावर, ४०० अंशावर लॉकआउट होतोय, तेव्हा आत गॅस आपोआप पेटायला पुरेशी धग नाही, पण ठिणगी आली तर उडायला साचलेला गॅस पुरेसा आहे.

आता पर्जचा, म्हणजे ठिणगीआधी ब्लोअरने आतला गॅस बाहेर काढण्याचा हिशोब. त्याच एनएफपीए ८६ चा दंडक असा की पेटवण्यापूर्वी चेंबरच्या घनफळाच्या किमान चौपट ताजी हवा आतून जायला हवी. दीड घनमीटर म्हणजे सहा घनमीटर हवा. ब्लोअर ताशी २००, म्हणजे मिनिटाला सव्वातीनच्या आसपास. ३० सेकंदांत जेमतेम पावणेदोन घनमीटर. सहा घनमीटरला पावणेदोन मिनिटं हवीत. भट्टीला बर्नर लावताना हा हिशोब कोणी केलाच नाही, बॉक्समधून निघालेला ३० सेकंदांचा टायमर तसाच ठेवला. लहान बॉयलरला तो पुरतो, भट्टीच्या पोकळीला नाही.

दुसरा हिशोब. १५० किलोवॅटला ताशी साधारण १५ घनमीटर पीएनजी लागतो. पेटवायच्या ३ सेकंदांत १२-१३ लिटर सुटला. मिथेन हवेत ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत स्फोटक असतो. दीड घनमीटरचे ५ टक्के म्हणजे ७५ लिटर, त्यामुळे तीन प्रयत्नांत आख्खं चेंबर भरत नाही हे खरं. पण गॅस साखरेसारखा सगळीकडे सारखा विरघळत नाही. छताच्या कोपऱ्यात त्याचा खिसा साचतो, आणि तेवढा खिसा तुमचा दरवाजा उडवायला पुरे. सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर गॅस सोडणारा-मिटणारा) बंद असतानाही थोडा गळत असेल, तर लॉकआउटच्या मधल्या वेळात भर पडतच राहते.

सेकंडहँड बर्नरबद्दल मी काहीच लिहीत नाही, रक्तदाब आहे.

ज्योत_निळी

काकांनी सोलेनॉइडचं बरोबर पकडलं. बाळ्या, ठेकेदाराने गॅस ट्रेनवर, म्हणजे बर्नरआधीच्या व्हॉल्व्ह-रेग्युलेटरच्या ओळीत, फिल्टर लावलाय का? नवी लाइन वेल्ड केली की आत पापुद्रे राहतात. एक कण सीटवर अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. म्हणूनच दोन व्हॉल्व्ह एकामागे एक असतात. मोठ्या बर्नरला तर गळती तपासणारं युनिटच लावतात, दर स्टार्टच्या आधी दोन व्हॉल्व्हमधल्या जागेचं प्रेशर बघतं. तुमच्या आकाराला सक्ती नसेल, तरी भट्टीसाठी मी ते मागून घेईन.

आणि तो वायरचा तुकडा. पावसात स्विच ट्रिप व्हायचा याचं कारण बहुधा त्याच्या बारीक नळीत पाणी. नळी फुंकून, वर वळवून लावली असती तर पाच मिनिटांचं काम. त्याऐवजी आता ब्लोअर बंद पडला तरी बर्नर गॅस सोडणार, आणि पर्ज झाला असं कंट्रोलरला वाटणार.

ठाणेकर_नळवाला

मी पीएनजीच्या लाइनचं काम करतो, बर्नरमधलं मला कळत नाही. पण एक विचारतो. एलपीजीच्या काळात तुमच्याकडे गॅस डिटेक्टर होता का, आणि कुठे लावलाय?

कुर्ल्याचा_बाळ्या

आहे. जमिनीपासून वीतभर वर. आणि हवेसाठी जाळीही खालीच.

ठाणेकर_नळवाला

तेच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळली की जमिनीवर लोळते, म्हणून डिटेक्टर खाली. पीएनजी हवेच्या साधारण ०.६ पट, थेट छताकडे जातो. तुमचा डिटेक्टर छान हिरवा दिवा दाखवत बसेल आणि गॅस डोक्यावर जमेल. तो वर न्यायचा, पण नुसता हलवून चालणार नाही, मिथेनसाठी कॅलिब्रेट केलेला हवा. जाळी वरही हवी. जुनी सिलिंडरची लाइन अजून जोडलेली असेल तर कॉक बंद ठेवून भागणार नाही, लाइन तोडून तोंडाला ब्लँक (बंद झाकण) बसवा. रात्रीपाळीला पीएनजी बंद पडला की कोणी तरी हुशार सिलिंडर लावून बघतोच.

साबणाच्या पाण्याने जोड तपासणं तुमचं तुम्ही करू शकता. काडी पेटवून नको. हे लिहायला लागतं यातच सगळं आलं.

दवाखानावाली_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, त्यामुळे एक वेगळा मुद्दा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत इन्सिनरेटरसाठी खालच्या चेंबरला किमान ८०० अंश, वरच्याला किमान १०५० अंश (५० अंश इकडेतिकडे), आणि वरच्या चेंबरमध्ये धूर किमान दोन सेकंद राहायला हवा असं आहे. तुमचा वरचा बर्नर शिफ्टमध्ये सहा वेळा विझतोय म्हणजे त्या वेळी कच्चा धूर चिमणीतून सरळ वस्तीत जातोय. तापमानाचा चार्ट तपासा, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी तोच पहिल्यांदा मागतो.

दुसरं, तुमच्या भट्टीत सलाइनच्या नळ्या आणि कॅथेटर टाकत नाही ना? तो कचरा जैववैद्यकीय कचऱ्याच्या सामायिक केंद्राकडेच जायला हवा. शिवाय सिलिकॉनची रबरं जळली की पांढरी सिलिकेची भुकटी होते, रॉडवर थर बसला की करंट जात नाही.

कुर्ल्याचा_बाळ्या

डॉक्टर, नळ्या टाकत नाही. (निदान मी असताना तरी नाही. मामांना विचारतो.)

सगळ्यांना दंडवत. हा धागा प्रिंट काढून ट्रस्टींच्या टेबलावर ठेवला. ‘धप्प’ शब्दाखाली लाल रेघ मारली. दहनासाठी येणाऱ्यांना महापालिकेच्या सोयीकडे पाठवतोय. आता बोलवायचं कोणाला?

ज्योत_निळी

बर्नर ज्या कंपनीचा आहे तिचा अधिकृत सर्व्हिस इंजिनीअर. त्याच्याकडून काय घ्यायचं ते ठरवून जा, नाहीतर तोही नुसती धूळ पुसून जाईल. पीएनजीचं हेड, रॉड आणि इलेक्ट्रोड त्या हेडच्या मापाला लावलेले, फ्लेम करंटचं मायक्रोअँपमधलं रीडिंग छोट्या आणि मोठ्या दोन्ही ज्योतीवर, धुराच्या अ‍ॅनालायझरची पावती (ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही), दोन्ही व्हॉल्व्हची गळती चाचणी. हवेची नळी हाताने काढून बर्नर बंद पडतो का हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा. गॅसचा कॉक हळूहळू मिटून लो प्रेशर स्विच पडतो का तेही.

आणि एक, जे बरेच जण विसरतात: भट्टी बंद केल्यावर ब्लोअर लगेच बंद करायचा नाही. विटा तासन्‌तास लाल असतात, ती धग उलटी बर्नरच्या तोंडात येते. हेड वाकतं, वायरी वितळतात.

कुर्ल्याचा_बाळ्या

अपडेट, अठरा दिवसांनी. इंजिनीअर आला, सोबत एक मुलगी होती ट्रेनी, सगळी रीडिंग तिनेच घेतली.

हेड एलपीजीचंच होतं, ताई बरोबर. फ्लेम करंट मोठ्या ज्योतीवर १ ते २ मायक्रोअँपमध्ये नाचत होता, नव्या हेडवर १४ ला स्थिर आहे. प्रेशर परत १५ च्या आसपास. फिल्टर नव्हताच. दुसऱ्या सोलेनॉइडच्या सीटवर नखाएवढा वेल्डिंगचा पापुद्रा निघाला, तो मी डबीत घालून ठेवलाय. इग्निशन इलेक्ट्रोडच्या पोर्सेलीनला तडा होता, ठिणगी टोकावर न पडता मधूनच बॉडीला उडायची, म्हणून गॅस उशिरा पेटायचा. धप्प त्याचाच. पर्ज १२० सेकंद केला. वायरचा तुकडा काढला, स्विचच्या नळीतून खरंच चमचाभर पाणी निघालं. डिटेक्टर नवा, छताजवळ. वरचं चेंबर तापल्याशिवाय चार्जिंगचा दरवाजा उघडणार नाही असा इंटरलॉकही बसवून घेतला.

ट्रस्टी बिल बघून गप्प बसले. मामा मात्र नाराज आहेत, दोन मिनिटं पर्जला थांबावं लागतं म्हणून.

चहाबाज

दोन मिनिटांत कटिंग होते. मामांना सांगा.

निवृत्त_बॉयलरवाला

रीसेटच्या बटणाशेजारी एक वही बांध दोरीने. दाबलं की तारीख, वेळ, सही. आणि ते कॉकचं हँडल परत बसवलंस की अजून खिशातच आहे?

कुर्ल्याचा_बाळ्या

बसवलं काका. वहीत आठ दिवसांत एकही सही नाही.