आत्याच्या नऊ रात्री

ग्रुप: आपली मंडळी

आत्या: नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी मी स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाला जाते आहे. एकटी, टूरबरोबर नाही. हातात नऊ रात्री आहेत. मनातली यादी अशी: लुब्लियाना, ब्लेड, बोहिन, पोस्टोयनाची गुहा, पिरान, झाग्रेब, प्लित्वित्से, झादर, स्प्लिट, ह्वार, दुब्रोवनिक. काय ठेवू, काय गाळू ते सांगा. जाऊ की नको हे विचारत नाहीये.

अण्णाकाका: एकटीच कशाला? आम्ही दोघं येऊ का बरोबर?

आत्या: अण्णा, पुढच्या वेळी नक्की. ही एक मला माझी माझी करायची आहे.

काकू: जाऊ द्या हो त्यांना. पण वन्सं, स्लोव्हेनियाच का? तिकडे कोणी जाताना ऐकलं नाही.

आत्या: वहिनी, द्विवचनासाठी. जन्मभर मुलांना गच्छामि, गच्छावः, गच्छामः घोकायला लावलं आणि दरवर्षी कोणीतरी विचारायचंच, बाई, दोघांसाठी वेगळं रूप कशाला? मराठीत नाही, हिंदीत नाही. मग वाचनात आलं की स्लोव्हेनियन भाषेत द्विवचन आजही रोजच्या बोलण्यात आहे. मी जाते: ग्रेम. आपण दोघं जाऊ: ग्रेवा. आपण सगळे जाऊ: ग्रेमो. ग्रेवातला 'वा' आणि गच्छावः मधला 'वः' शेजारी ठेवून बघा. वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ते लोकांच्या तोंडून ऐकायचंय.

चिऊ: आत्या ❤️

बंटी (म्युनिक): आत्या, मी दोनदा जाऊन आलोय, म्हणून सविस्तर लिहितो. तुझ्या यादीत अकरा ठिकाणं आहेत आणि रात्री नऊ. नकाशात सगळं जवळ दिसतं, पण प्रत्येक मुक्काम हलवताना अर्धा दिवस जातो. खोली सोडायची, बॅग घेऊन बसस्टँड, बस, पुन्हा खोली शोधायची. एकट्या माणसाला तर स्वच्छतागृहात जाताना बॅगेकडे बघायलाही कोणी नसतं. पाचच्या वर मुक्काम करू नकोस.
आधी दोन रात्री माझ्याकडे ये. इथून लुब्लियानाला थेट बस आहे, मी बसवून देईन.

आत्या: येते. मग लुब्लियानाला किती?

बंटी (म्युनिक): तीन. गाव लहान आहे, मधल्या भागात गाड्यांना बंदी, सगळं चालत. नदीवर तीन पूल एकमेकांना चिकटून आहेत, प्लेचनिक नावाच्या वास्तुविशारदाची करामत. त्याच्या लुब्लियानातल्या कामाला २०२१ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. बाटली रस्त्यातल्या नळावर भर, पाणी छान आहे. इथूनच एक दिवस पोस्टोयनाला जाऊन ये. बसने साधारण तास लागतो. गुहा २४ किलोमीटरची, पण आत छोटी रेल्वे आहे, त्यामुळे तुझ्या गुडघ्यांना त्रास नाही. आत बारा महिने १० अंश असतं, स्वेटर लागेल. श्कोत्स्यानची गुहा जास्त भव्य आहे, पण तिथे पायऱ्याच पायऱ्या.

चिऊ: ब्लेडला राहायला हवं ना? फोटोत तेच तर दिसतं सगळीकडे.

बंटी (म्युनिक): ब्लेड बघायचंच, पण राहायचं बोहिनला. बोहिनची बस ब्लेडवरूनच जाते. मध्ये उतर, तळ्याकाठी थोडं चाल, क्रेमश्निटा खा (साय आणि कस्टर्डचा चौकोनी केक, वर कुरकुरीत पापुद्रा) आणि पुढची बस धर. बेटावर जायला 'प्लेतना' नावाची लाकडी होडी असते. नावाडी मागे उभा राहून दोन वल्ही मारतो. पण आत्या, बेटावर उतरलं की चर्चपर्यंत ९९ पायऱ्या आहेत. ते तुझं तू बघ.
बोहिनचं तळं ब्लेडपेक्षा मोठं आणि शांत. पहाटे मी काठावरच्या दगडी पुलापाशी उभा होतो. धुकं इतकं की समोरचा डोंगरच नव्हता. मग पाण्यालगत एक पट्टी मोकळी झाली, त्यात दोन बदकं दिसली आणि मागून हळूहळू अख्खा डोंगर बाहेर आला. अर्धा तास मी हललो नाही. दिवसा येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना हे दिसत नाही. म्हणून तिथे दोन रात्री.

आत्या: ठरलं. पिरान आणि ह्वार गाळते. समुद्र एकाच ठिकाणी, पण नीट बघेन.

चिऊ: व्हिसाचंही यातच आलं. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात) आहे आणि युरोही तेव्हापासूनच, त्यामुळे एक व्हिसा, एक चलन. अर्ज मात्र जिथे जास्त रात्री त्या देशाकडे करायचा. म्हणून आधी रात्री पक्क्या कर, मग फॉर्म. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. अगदी पंधरा दिवसांवर आणू नकोस.

बंटी (म्युनिक): आणि स्लोव्हेनियातून क्रोएशियात जाताना पासपोर्ट हाताशी ठेव. शेंगेन असलं तरी बस थांबवून बघतात कधीकधी.

अण्णाकाका: दुब्रोवनिकची तटबंदी सोडू नको. जवळजवळ दोन किलोमीटर चालता येतं तटावरून.

बंटी (म्युनिक): काका, तटबंदी अप्रतिमच आहे. पण तिथे रेल्वे नाही. स्प्लिटहून बसने चार तासांच्या वर जातात, तेवढेच परत. शिवाय वाटेत नेउमपाशी बोस्नियाची किनारपट्टी आडवी येते. २०२२ मध्ये पेल्येशाच पूल झाल्यापासून ती टाळता येते, पण सगळ्याच बस पुलावरून जात नाहीत. आत्याला एकाच प्रवेशाचा व्हिसा मिळाला आणि बस बोस्नियातून गेली, तर परत शिरताना पंचाईत. एवढी जोखीम एकट्या बाईने एका दिवसासाठी घेऊ नये.

अण्णाकाका: पटलं. मग स्प्लिट तरी? रोमन सम्राट डायोक्लिशनने ३०५ साली आपणहून गादी सोडली आणि तिथल्या राजवाड्यात जाऊन राहिला. त्या भिंतींच्या आत लोक आजही संसार करतात. असं कुठे बघायला मिळणार?

आत्या: अण्णा, स्प्लिट तुझ्यासाठी राखून ठेवते. पुढच्या वेळी तू, वहिनी, मी. ग्रेमो!
मला झादर हवंय. तिथे किनाऱ्याच्या पायऱ्यांखाली नळ्या बसवल्यात, लाट आत शिरली की सूर निघतो. २००५ मध्ये निकोला बाशिच या वास्तुविशारदाने केलं. मी व्हिडिओ पाहिला, पण व्हिडिओत वारा जास्त आणि सूर कमी. पायरीवर बसून ऐकायचंय.

बंटी (म्युनिक): सूर्यास्ताला गर्दी असते. तू सकाळी लवकर जा. बोट गेली की जरा वेळाने एकदम सुरांचा लोंढा येतो, तोही ऐक.

चिऊ: प्लित्वित्से झाग्रेब आणि झादरच्या मधेच आहे. तिथे एक रात्र?

बंटी (म्युनिक): हो, ते राष्ट्रीय उद्यान आहे, त्याच्या फाटकाजवळच्या गावात रहा आणि सकाळचं पहिलं तिकीट काढ. तिकिटावर वेळ ठरलेली असते, आधीच घ्यायचं. १६ तळी एकाखाली एक. पाण्यातला चुना शेवाळावर साठत जातो आणि त्याचेच बांध होतात, त्यावरून धबधबे. हे बांध अजून वाढताहेत, म्हणून पाण्यात पाय घालायलाही बंदी आहे. लाकडी फळ्यांच्या वाटा ओल्या असतात, बूट चांगले घाल.

चिऊ: म्हणजे म्युनिक २, मग लुब्लियाना ३, बोहिन २, झाग्रेब १, प्लित्वित्से १, झादर २. स्लोव्हेनिया ५, क्रोएशिया ४. अर्ज स्लोव्हेनियाकडे. परत झाग्रेबहून रात्रीचं विमान. झादर ते झाग्रेब बस साडेतीन तास.

काकू: वन्सं, खायचं काय करणार? तुम्हाला अंडंसुद्धा चालत नाही.

बंटी (म्युनिक): मग क्रेमश्निटाही गेला, त्यात अंडं असतं. सॉरी आत्या 🙏 किनाऱ्यावर 'ब्लित्वा' माग, पालकासारखी भाजी, बटाटा आणि लसूण घालून. माशाबरोबर देतात, नुसती मागितली तरी देतात. आणि चीज पिझ्झा सगळीकडे.

काकू: भाजणी देते करून. तूप देऊ का छोट्या डब्यात?

बंटी (म्युनिक): तूप, पेढे, दुधाचं काहीच नको, युरोपात आणायला बंदी आहे. भाजणी चालेल.

आत्या: वहिनी, भाजणी अर्धा किलो पुरे. चिऊ, बोहिनची खोली आधी बघ, तळमजल्यावरची. आणि बंटी, तो दगडी पूल नक्की कुठे ते नकाशात खूण करून पाठव.